स्कूटीच्या गाण्यानंतरची दीपाली

गायिका दीपाली काकड यांचे गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात निधन झाले. त्या सदतीस वर्षांच्या होत्या. हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया आदल्या आठवड्यात झाली होती. नंतर संसर्ग झाला आणि तो आटोक्यात आला नाही. अंत्यसंस्कार त्याच दिवशी दुपारी झाले.

ती माझी मामेबहीण. तिला अहोजाहो कधी केले नाही, म्हणून यापुढे एकेरीतच लिहितो. बातमी मला तिच्या वडिलांनी, म्हणजे आप्पामामांनी फोनवर दिली. "भाच्या, दीपाली गेली रे..." मागे दवाखान्यातल्या लिफ्टचा आवाज येत होता. मग म्हणाले, "फुलं बाहेरून आणू नका कोणी. वावरात हायेत." मखमलाबादच्या बाजूला त्यांची गुलाबाची आणि झेंडूची शेती आहे. फोन त्यांनीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी बातमी सगळीकडे आली. मथळे जवळजवळ सारखे होते. 'स्कूटीवाली दीपू' गेली. सोबतचा फोटो तिच्या सोळाव्या वर्षातला, गुलाबी जॅकेटमधला. बातमीत चूक नव्हती. माझी सगळी नोकरी वृत्तपत्राच्या शहरपानावर झाली. निधनाची बातमी घाईत कशी उभी राहते, जो फोटो हाताशी असेल तो कसा लागतो, हे मला ठाऊक आहे. मात्र त्या बातम्यांत तिची शेवटची आठ वर्षे नव्हती. त्या वर्षांत ती काय गात होती आणि लोकांनी तेही ऐकावे म्हणून काय करत होती, ते मी जवळून पाहिले. जे पाहिले नाही, ते ज्यांनी सांगितले त्यांचा उल्लेख करून लिहितो.

स्कूटीचे गाणे आधी सांगायला हवे. दीपाली दहावीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात गायली. तिथे पाहुणे म्हणून आलेल्या एका गृहस्थांची मुंबईतल्या ध्वनिमुद्रण कंपनीत ओळख होती. पुढच्या सुट्टीत आप्पामामा तिला घेऊन मुंबईला गेले. स्कूटीवरून कॉलेजला निघालेली मुलगी आणि तिच्या मागे सायकल दामटणारा मुलगा, असे ते गाणे. दीपालीचा मूळ आवाज जाड, खालच्या पट्टीतला. मुद्रण करणारे म्हणाले, हा आवाज बाईचा वाटतो, आम्हाला मुलीचा हवा आहे. त्यांनी गाणे दोन सूर वर नेले, यंत्रावर आवाज आणखी बारीक केला आणि कॅसेटच्या वेष्टणावर नाव छापले 'दीपू'. चित्रीकरण गंगापूर धरणाच्या रस्त्यावर झाले. तिला गाडी चालवता येत नव्हती. हा किस्सा ती फार रंगवून सांगायची. "दादा, स्कूटी टेम्पोवर बांधली होती. मी नुसतं हँडल धरून हसत होते. समोर म्हशी आल्या, मी घाबरून ब्रेक दाबला. टेम्पो कशाला थांबतोय!"

गाणे चालले. किती चालले, हे त्या वर्षांत महाराष्ट्रात एखादे तरी लग्न जेवलेल्या कोणालाही विचारावे. गणेशोत्सव, कॉलेजांचे डे, साड्यांच्या दुकानांची उद्घाटने... सगळीकडे दीपू जायची, गुलाबी जॅकेट घालायची, तयार ट्रॅकवर ओठ हलवायची आणि नाचायची. विसाव्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात ती मंचावर कोसळली. तपासण्या झाल्या तेव्हा कळले की लहानपणी आलेल्या तापाने हृदयाची एक झडप खराब केली आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि नाच बंद करायला सांगितले. तिने नाच कमी केला. गाणे तेच राहिले. नव्या गाण्यांचे दोन संच काढून पाहिले, ते चालले नाहीत. मधल्या काळात लग्न झाले, ते टिकले नाही. त्याबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही, म्हणून इथेही एवढीच नोंद. इंदिरानगरात तिने फ्लॅट घेतला, सकाळी मुलांना गाणे शिकवू लागली आणि संध्याकाळी बोलावणे येईल तिथे दीपू म्हणून जाऊ लागली.

एकदा तिच्या घरी बसलो असताना एका आयोजकाचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला आणि मला गप्प राहण्याची खूण केली.

"मॅडम, जॅकेट आणताय ना?"

"अहो, ते आता बसत नाही."

"मग नवीन शिवून घेऊ. रंग मात्र तोच. नाहीतर लोक ओळखणार कसे?"

"तोंडावरून?"

पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, मोठा ग्राउंड आहे. तोंड मागच्यांना दिसत नाही." ती हसत सुटली. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ हसत होती. मग उठून चहा करायला गेली आणि चहा होईपर्यंत बाहेर आली नाही. तेव्हा तिचे वय एकोणतीस होते.

त्याच वर्षी माझ्या मुलाचे लग्न झाले. वरातीला जुन्या नाशकातल्या नासिर मास्तरांचा ब्रास बँड होता. मास्तर तेव्हा साठीला आलेले, दाढीला मेंदी, अंगात सोनेरी झालरीचा लाल कोट, एका हातात ट्रम्पेट आणि गळ्यात शिट्टी. ही शिट्टी महत्त्वाची. वरातीत एवढा गोंगाट असतो की हाताची खूण वाजवणाऱ्यांना दिसत नाही. मास्तरांनी शिट्टी फुंकली की गाणे थांबते. बँडने अर्थातच स्कूटीचे गाणे वाजवले. दीपाली बायकांत चालत होती. कोणीतरी मास्तरांच्या कानात सांगितले. त्यांनी शिट्टी फुंकली, मागे आले आणि तिला वाकून सलाम केला.

"बेटी, तुझ्या गाण्यावर तीन पोरींची लग्नं केली मी. घे माइक. आज असली माल होऊन जाऊ दे."

"ते नको, चाचा."

"ते नको? मग काय, वरातीत भजन म्हणतेस?"

आजूबाजूचे हसले. दीपालीने एका जुन्या हिंदी गाण्याचे तोंड गुणगुणून दाखवले. पूर्वीच्या हिंदी चित्रपटांत क्लबमध्ये मंचावर उभी राहून गायिका गाते, मागे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांची रांग असते, त्या जातीचे गाणे. मास्तरांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "हे कुठं ऐकलंस?" ती म्हणाली, "आमच्या शेडमध्ये. आप्पांचा रेडिओ." मास्तरांनी मागे वळून चार नावे पुकारली. बँडमधल्या त्या चौघांनाच ते गाणे येत होते. रस्त्याच्या मधोमध, वाहतूक अडवून, दीपालीने त्याची दोन कडवी गायली. तिचा खरा आवाज मी तेरा वर्षांनी ऐकला. नाचणारी पोरे हात खाली सोडून उभी राहिली. घोड्यावरून माझा मुलगा ओरडला, "आत्या, यावर नाचायचं कसं?"

"हळू नाच की! कुठं पळून चाललीय तुझी बायको?"

त्या चौघांना ते गाणे का येत होते, हे नंतर मास्तरांनी सांगितले. त्यांचे वडील रेल्वेत इगतपुरीला होते. त्या काळी तिथल्या रेल्वेच्या क्लबमध्ये शनिवारी गोऱ्या आणि गोवेकर ड्रायव्हर-गार्डांची कुटुंबे जमत, बँड लागे आणि नाच होत. मास्तरांचे वडील तिथे ट्रम्पेट वाजवत. पुढे ती कुटुंबे गेली, नाच बंद झाले. वडिलांनी नाशकात येऊन लग्नाचा बँड काढला आणि त्या चाली मुलाला नुसत्या कानावरून शिकवल्या. मास्तरांनी त्या आपल्या चार माणसांना शिकवल्या. वाजवायला जागा मात्र कुठेच नव्हती. वरातीत त्या कोणी मागत नसे.

लग्नानंतरच्या रविवारी दीपाली मास्तरांच्या घरी गेली आणि म्हणाली की मला या गाण्यांचा पूर्ण कार्यक्रम करायचा आहे, थिएटरात, तुमच्या सगळ्या बँडसह. मास्तर आधी हसले. मग म्हणाले की आषाढ लागू दे. आषाढ ते कार्तिक लग्ने नसतात, बँडवाले रिकामे असतात. कोणी रिक्षा चालवतो, कोणी भंगार घेतो, कोणी वेल्डिंगच्या दुकानात बसतो. त्या चार महिन्यांत, आप्पामामांच्या शेतावर जिथे गुलाबाच्या जुड्या बांधतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये, तालमी सुरू झाल्या. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. बऱ्याच तालमींना हजर होतो.

पहिल्या दिवशी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवले आणि लगेच पंचाईत झाली. बसल्यावर कोणाचाच ठेका जमेना. ही माणसे आयुष्यभर चालत वाजवत आली होती, त्यांचा ताल पायांत होता. दोन रविवार वाया गेल्यावर मास्तरांनी खुर्च्या बाहेर काढल्या. मग सारा बँड शेडमध्ये गोल चालत वाजवू लागला आणि मधोमध उभी राहून दीपाली गाऊ लागली. दुसरी अडचण आवाजाची. उघड्या रस्त्यावर वाजवायची सवय असलेले दहा-बारा भोंगे पत्र्याखाली वाजले की कानठळ्या बसत. आप्पामामा दारात येऊन म्हणत, "मास्तर, जरा दमानं. तुमच्या ट्रम्पेटनं माझ्या गुलाबाच्या पाकळ्या गळायला लागल्यात." मास्तर गंभीरपणे विचारत, "कोणत्या रंगाच्या?"

दीपालीची अडचण वेगळी होती. इतकी वर्षे तयार ट्रॅकवर गाऊन ती ठेक्याच्या बरोबर टोकावर शब्द ठेवायला शिकली होती. या गाण्यांत तसे केले की गाणे कवायतीसारखे वाटे. मास्तर डोक्याला हात लावून बसले. मग एक दिवस त्यांनी तिला विचारले, "नवरी कधी पळत येते का गं मांडवात? बँड तयार, भटजी तयार, सगळी माणसं अक्षता घेऊन उभी. ती येते अर्धं पाऊल मागून. पण येते, चुकत नाही. तसं गा." तिने तसे करून पाहिले. पहिल्यांदा फारच मागे राहिली. क्लॅरिओनेटवाला म्हणाला, "या नवरीची बस चुकली वाटतं." तिसऱ्या-चौथ्या वेळी जमले. पुढे पुण्याच्या एका समीक्षकाने लिहिले की ठेक्याच्या किंचित मागे राहून गाण्याची तिची ढब परदेशी गायिकांच्या अभ्यासातून आली असावी. माझ्या माहितीप्रमाणे ती नासिर मास्तरांच्या नवरीतून आली आणि काही अंशी तिच्या झडपेतून. लांब ओळीआधी तिला श्वास घ्यायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागे. तो वेळ ती तिथे काढून घेत असे.

एका गोष्टीवर मात्र दोघांचे पटले नाही. मास्तरांना कार्यक्रमात स्कूटीचे गाणे हवे होते. त्यांचे ते मनापासून आवडते गाणे होते, त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. "लोक त्यासाठी येतील. आले की बाकीचं ऐकतील." दीपाली म्हणाली, "चाचा, तेरा वर्षं मी तेच करतेय. बाकीचं कोणीच ऐकत नाही. ते झालं की उठतात." मास्तर म्हणाले, "एक गाणं गायलीस तर काय झिजशील?" ती म्हणाली, "त्या गाण्यात मी नाहीच आहे. तो आवाज माझा नाही, नाव माझं नाही, गाडीसुद्धा टेम्पोवर होती." त्या दिवशी तालीम तिथेच थांबली. पुढच्या रविवारी मास्तर आले, विषय निघाला नाही. तिने त्यांना फक्त एवढे सांगितले की थिएटरात लाल कोट नकोत, साधे पांढरे शर्ट घाला, आणि शिट्टी घरी ठेवा. इथे गोंगाट नाही, मी हात केला की पुरे.

कार्यक्रम दिवाळीनंतर शहरातल्या एका नाट्यगृहात ठरला. आयोजक मंडळाच्या कार्यवाहांनी जाहिरात केली, 'दीपाली काकड' आणि खाली कंसात 'दीपू'. तिने कंस काढायला सांगितला. ते म्हणाले, काढतो, पण शेवटी स्कूटी घ्या, एकदाच. ती म्हणाली, "पाहू." काकडांच्या घरात 'पाहू' म्हणजे नाही, हे कार्यवाहांना माहीत नसावे. कंस निघाला नाही. तिकिटे सगळी गेली. मागच्या रांगांत कॉलेजची पोरे होती. पडदा उघडण्याआधीपासून त्यांचे 'स्कूटी, स्कूटी' सुरू होते.

दीपाली राखाडी साडीत आली, नमस्कार करून सरळ गाऊ लागली. पहिली दोन गाणी वेगाची होती, ती ठीक गेली. तिसरे गाणे संथ. ट्रम्पेटच्या तोंडाला वाट्या लावून दबके वाजवायचे, सॅक्सोफोनने तिच्या मागून जायचे, तालमीत सर्वांत जास्त वेळ घेतलेले ते गाणे. मागची पोरे गप्प झाली. दुसऱ्या कडव्याच्या मधोमध पुढच्या रांगेतून तात्या उठले. तात्या म्हणजे आप्पामामांचे थोरले भाऊ. दीपालीला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवले होते, पण थिएटरात बसून तिचे गाणे ते पहिल्यांदाच ऐकत होते. बाजूच्या पायऱ्यांनी ते मंचावर गेले, टोपी सारखी केली, खिशातून नोट काढली आणि लग्नात ओवाळतात तशी तिच्या डोक्यावरून ओवाळली.

लग्नाच्या बँडमध्ये याचा एकच अर्थ असतो. नोट डोक्यावरून फिरली की चालू गाणे तोडायचे, ड्रमवर कडकडाट करायचा, सलामी द्यायची, एकाने पुढे होऊन नोट घ्यायची आणि लगेच पुढचे गाणे धरायचे. पुढचे गाणे म्हणजे गर्दीला सर्वांत जास्त आवडणारे. यात कोणी कोणाला विचारत नाही. ड्रमवाल्याचे हात आपोआप चालले. सलामी झाली. क्लॅरिओनेटवाला रांगेतून पुढे आला, नोट घेऊन मागे गेला. आणि संपूर्ण बँडने स्कूटीचे गाणे सुरू केले, वरातीच्या गतीने.

थिएटर उठले. शिट्ट्या, टाळ्या... मागची पोरे खुर्च्यांवर चढली. विंगेत कार्यवाह दोन्ही हातांनी खुणा करत होते, गा, गा. मास्तरांच्या लक्षात काय झाले ते दुसऱ्याच ओळीला आले. त्यांचा हात गळ्याकडे गेला. शिट्टी घरी होती. त्यांनी हात हलवले, पण वाजवणाऱ्यांचे डोळे सवयीने गर्दीवर होते. दीपालीने माइक तोंडापासून खाली घेतला. त्या वेळी तिने गायला सुरुवात केली असती तर संध्याकाळ यशस्वी झाली असती, हे सभागृहातल्या प्रत्येकाला दिसत होते. ती गायली नाही. नाचली नाही. माइक दोन्ही हातांत धरून, तात्यांच्या शेजारी उभी राहून, तिने ते गाणे शेवटपर्यंत ऐकले. शेवटी शेवटी टाळ्यांचा जोर कमी झाला होता. लोक तिच्याकडे पाहत होते.

बँड थांबल्यावर ती म्हणाली, "तात्या, सावकाश उतरा, पायरी उंच आहे." ते खाली उतरेपर्यंत थांबली. मग लोकांना म्हणाली, "हे बँडचं गाणं आहे. ते छान वाजवतात. आता माझं ऐका."

आणि संथ गाणे ज्या शब्दावर तुटले होते, त्याच शब्दापासून तिने एकटीने उचलले. आधी सॅक्सोफोन आला, मग बाकीचे. मागून एकजण ओरडला, "दीपू, स्कूटी!" ती गात राहिली. मागच्या रांगांतली बरीच पोरे उठून गेली, मधलेही काही गेले. कार्यवाह बाहेर जाऊन उभे राहिले. जे थांबले ते शेवटच्या गाण्यापर्यंत थांबले.

कार्यक्रमानंतर मंचामागे तात्या एका पेटीवर बसले होते. "चुकलं का गं माझं, पोरी?"

"नाही तात्या. नोट कुठंय पण?"

"ती त्यो पिपाणीवाला घेऊन गेला."

मास्तर कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, "बेटी, नोटेचा हात वर गेला की आमचं दिमाग बंद होतं. चाळीस वर्षांची सवय." ती म्हणाली, "असू द्या. पुढच्या वेळी मुद्दामच वाजवा. मी तेवढ्यात पाणी पिते." मास्तरांना आधी ती चेष्टा वाटली. पण पुढे तसेच झाले. त्यानंतरच्या प्रत्येक कार्यक्रमात मध्यंतराआधी बँड स्कूटीचे गाणे वाजवी. दीपाली खुर्ची घेऊन बाजूला बसे, पाणी पिई, शेवटी टाळ्या वाजवी आणि उठून आपले गाणे गाई. कोणी विचारले तर म्हणे, "मी त्या गाण्याची श्रोता आहे."

त्या वर्षानंतर तिने ते गाणे कुठेही गायले नाही. साड्यांच्या दुकानांची बोलावणी बंद झाली, गणपतीची बोलावणी बंद झाली. कार्यक्रम दरवर्षी दोन-तीनच होत, पावसाळ्यातल्या तालमींनंतर आणि लग्नसराईच्या आत. पुण्यात दोनदा झाले, संभाजीनगरला एकदा. सुरगाण्याला एका आश्रमशाळेत ती बँडमधले चौघे घेऊन जीपने गेली होती. मी सोबत होतो. गाणे संपल्यावर एका मुलीने शेजारणीला विचारलेले मी ऐकले, "स्कूटीवाली कधी येल?" शेजारीण म्हणाली, "गप. ही दुसरी हाय." परतताना जीपमध्ये मी ते दीपालीला सांगितले. तिने पुन्हा एकदा सांगायला लावले.

सगळीकडे असे झाले नाही, हेही लिहायला हवे. पुण्याच्या दुसऱ्या कार्यक्रमाला निम्मे थिएटर रिकामे होते. मुलाखतींत पहिला प्रश्न स्कूटीचाच असे. वर्तमानपत्रे तिच्या नावाआधी 'स्कूटी फेम' लिहीत, आमच्या पत्रातही तेच चाले. दोन वर्षांपूर्वी नाट्यगृहातल्या एका कार्यक्रमाचे मुद्रण करून ठेवले गेले. कंपन्यांना ते दाखवले. त्यांनी विचारले की यात ते गाणे आहे का. आहे, पण बँडने वाजवलेले, असे उत्तर गेल्यावर पुढे काही झाले नाही. मुद्रण तिच्याकडेच राहिले.

गेल्या उन्हाळ्यापासून तिला जिना चढवेना. शस्त्रक्रिया ठरली. आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिला भेटलो, ती शेवटची भेट. भूल देणाऱ्या डॉक्टर तेवढ्यात येऊन गेल्या होत्या. श्वासाची नळी घातल्यावर आवाज बसतो का, किती दिवस बसतो, खालचे सूर आधी येतात की वरचे, असे तिने त्यांना विचारले होते. "त्या म्हणाल्या, असं मला पहिल्यांदाच कोणी विचारतंय. म्हटलं, वरचे नाही आले तरी चालतील." नंतर ती मास्तरांबद्दल बोलली. त्यांच्या गुडघ्यांना आता चालत वाजवणे झेपत नाही, तर त्यांना खुर्ची द्यावी आणि बाकीच्यांनी त्यांच्याभोवती फिरावे, असे तिचे मत होते. मी निघताना म्हणाली, "दादा, येताना रविवारचा पेपर आण. कोडं सोडवायला." रविवारी ती अतिदक्षता विभागात होती.

दहाव्याला नासिर मास्तर आणि बँडचे सगळेजण आले. वाद्ये आणली नव्हती. आप्पामामांनी त्यांना शेडमध्ये नेऊन चहा दिला. तालमी या वर्षी होणार का, हे मी मास्तरांना विचारले. त्यांनी अजून ठरवलेले नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी मी आप्पामामांबरोबर फुलबाजारात गेलो. घरातल्यांनी त्यांना काही दिवस जाऊ नका म्हणून सांगितले होते, त्यांनी ऐकले नाही. झेंडूची क्रेट उतरवून झाल्यावर त्यांनी गाडीचे दार उघडे ठेवले आणि टेप चालू केला. दीपालीच्या फ्लॅटमधून आणलेला पेनड्राइव्ह त्यात होता, नाट्यगृहातल्या कार्यक्रमाचा. संथ गाणे लागले होते. समोर हार गुंफणारी एक बाई झेंडू निवडत होती. निवडता निवडता तिचे हात थांबले.

"कोण हाय वो ही बाई, आप्पा?"

"दीपाली काकड."

"नाव नाय ऐकलं कधी. लय निवांत गाते. जरा मोठं करा ना."

आप्पामामांनी आवाज मोठा केला. ती बाई गाणे संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग तिने झेंडूची पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला आपल्या जागेवर गेली.